उसाची ट्रॉली आणि कारखान्याचा काटा

दिवाळी सरली की पश्चिम महाराष्ट्रातील व मराठवाड्यातील रस्त्यांचे स्वरूप पालटते. कारखान्यांच्या गव्हाणीत मान्यवरांच्या हस्ते पहिली मोळी पडते, त्याची छायाचित्रे छापून येतात आणि त्या दिवसापासून एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडलेली, उसाने शिगोशीग भरलेली वाहने रात्रंदिवस रस्त्यावरून सरकू लागतात. त्यानंतरच्या चार-पाच महिन्यांत आणखी एक प्रकारची बातमी छापून येते. ती आतल्या पानावर असते आणि चार ओळींत संपते. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रॉलीवर रात्री दुचाकी आदळली. स्वार जागीच ठार. मृत कधी गिरणीची पाळी संपवून परतणारा कामगार असतो, कधी शिकवणीहून येणारा विद्यार्थी. बातमीत 'भरधाव' हा शब्द बहुधा दुचाकीच्या वाट्याला येतो. ट्रॉलीला मागे दिवा होता काय, असलाच तर बाहेर लोंबणाऱ्या उसाच्या वाढ्यांतून तो दिसत होता काय, हे प्रश्न विचारले जात नाहीत.

या वाहतुकीचे दुखणे मात्र दिव्यापुरते नाही. जड ट्रेलर ओढण्याच्या व्यवहारात सर्वत्र एक गल्लत होते. वाहनाच्या इंजिनाला जेवढा भार ओढवतो तेवढा तो सुरक्षितपणे नेता येतो, अशी समजूत असते. भार हलविणे हे इंजिनाचे काम असले तरी तो थांबविणे हे ब्रेकचे आणि चाकांच्या पकडीचे काम आहे, आणि या दोन शक्तींचा एकमेकींशी फारसा संबंध नाही. पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर कमी गतीच्या गियरमध्ये स्वतःच्या दसपट ओझे सहज हलवितो. त्याचे ब्रेक मात्र केवळ त्याच्या मागच्या दोन चाकांना असतात आणि बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतातच.

याचा अर्थ काय, हे ढोबळ गणितानेही कळते. सोळा टन ऊस, दोन्ही ट्रॉल्यांचे मिळून चार टन आणि ट्रॅक्टरचे दोन, असे बावीस टन वजन ताशी २५ किलोमीटर वेगाने चालले आहे असे समजू. ब्रेक लागणाऱ्या चाकांवर त्यातील दोन टन भार आहे असे उदारपणे धरले, तर कोरड्या डांबरावर त्या चाकांची पकड फार तर दीड टनाच्या आतबाहेर भरते. इंजिनाचा रोधही त्याच दोन चाकांमार्फत लागत असल्याने त्याने ही मर्यादा वाढत नाही. सपाट रस्त्यावर असे वाहन ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंत तीस मीटरच्या वर जाते. त्याच वेगाची मोटारगाडी चार-पाच मीटरांत थांबते. उतारावर स्थिती अधिक बिकट होते. बारा मीटरला एक मीटर इतका उतार लागला, तर बावीस टनांची नुसती घसरणच त्या पकडीवर मात करते. मग ब्रेक कितीही दाबला तरी वाहन थांबत नाही. रस्ता ओला किंवा चिखलाचा असेल तर हीच वेळ याहून सौम्य उतारावर येते.

शिवाय मागून रेटा देणाऱ्या ट्रॉल्या सरळ रेषेत असतील असे नाही. वळणावर ब्रेक लागला की पहिली ट्रॉली ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला ढकलते आणि ट्रॅक्टर आडवा फिरतो. चढावर उलट प्रकार होतो. मागील ओढीमुळे पुढची चाके हलकी होतात, कधी जमिनीपासून उचलली जातात, आणि चालकाच्या हातातील सुकाणू निरर्थक ठरते. गावोगावच्या पुलांचे चढ अशा प्रसंगांचे साक्षी आहेत. त्यातून मोठ्या आवाजात लावलेली गाणी. मागून कोणी भोंगा वाजवीत आहे हे चालकाला ऐकू येण्याची शक्यता त्यामुळे उरत नाही.

अन्य देशांत ट्रेलर ओढणे ही नित्याची बाब आहे. अमेरिकेत तर पिकअप ट्रकमागे होडी, घोडे किंवा यंत्रसामग्री जोडून सामान्य कुटुंबे प्रवास करतात. तेथील वाहनधारकाला शिकविले जाणारे नियम साधे आहेत. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग जोडाच्या हुकावर पडेल अशा रीतीने सामान रचावयाचे. हूक निसटला तरी ट्रेलर सुटू नये म्हणून दोन साखळ्या खालून फुलीसारख्या बांधावयाच्या. आणि ठराविक वजनापलीकडे ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक हवा. युरोपात ही मर्यादा ७५० किलो आहे. हलक्या ट्रेलरसाठी तेथे एक स्वस्त युक्ती रूढ आहे. पुढचे वाहन मंदावले की ट्रेलरच्या रेट्याने जोडाचा दांडा आत सरकतो आणि त्यानेच ट्रेलरचे ब्रेक आवळले जातात. जड ट्रेलरना हवेच्या किंवा तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक लागतात. यातील काहीही आपल्याकडील कार्यशाळांच्या आवाक्याबाहेरचे नाही.

कायदाही तोकडा नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हे स्वतंत्र मोटार वाहन आहे. नोंदलेल्या मर्यादेपेक्षा अधिक भार नेण्यास कलम ११३ मनाई करते. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ अन्वये त्यासाठी वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार रुपये दंड आहे. लक्षणीय गोष्ट अशी की, हा दंड केवळ वाहन चालविणाऱ्यास नाही. ते तसे चालविण्यास लावणाऱ्यास किंवा चालवू देणाऱ्यासही आहे.

चालवू देणारा कोण, याचे उत्तर कारखान्याच्या काट्यावर मिळते. प्रत्येक खेप भरलेली तोलली जाते, ऊस उतरल्यावर रिकामे वाहन पुन्हा तोलले जाते, आणि वाहनाचा क्रमांक, तारीख, वेळ व वजन यांची पावती निघते. एरवी जादा भार सिद्ध करावयाचा तर परिवहन अधिकाऱ्याला वाहन अडवून काटा शोधावा लागतो. येथे गुन्ह्याचा पुरावा प्रतिदिनी शेकडोंनी कारखान्याच्या दप्तरात जमा होत आहे. काट्याविषयी राज्यात वाद थोडे झालेले नाहीत. पण ते काटामारीचे, म्हणजे वजन कमी दाखविल्याचे. वजन अधिक असल्याबद्दल कोणी हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही. त्यात सर्वांचेच हित आहे असे वाटते, हे त्याचे कारण.

वाहतुकीचा मोबदला टनावर ठरतो. ट्रॅक्टर व ट्रॉल्या कर्जाने घेतलेल्या. टोळीच्या मुकादमाला लाखोंची उचल दिलेली. हंगाम चार-पाच महिन्यांचा आणि त्यातील कित्येक तास कारखान्याच्या आवारात रांगेत जाणारे. अशा स्थितीत वाहनधारक दर खेपेला शक्य तितका ऊस लादतो, याला हाव म्हणणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. दरपत्रकच त्याला तसे करावयास सांगते. मर्यादेत भार नेणारा वाहनधारक शेजाऱ्याच्या तुलनेत तोट्यात जातो. म्हणून चौकातील पोलिसाने एखाद्या ट्रॅक्टरला अडवून दंड केल्याने काहीही साधत नाही. तो दंड धंद्याचा खर्च म्हणून पचविला जातो.

कारखान्यांचा युक्तिवाद ठरलेला आहे. भार कमी केल्यास खेपा वाढतील, वाहतूक महागेल आणि हा खर्च उसाच्या दरातून कापला जात असल्याने बोजा अखेर शेतकऱ्यावरच पडेल. त्यात तथ्य आहे. परंतु आज हा खर्च वाचतो असे नाही. तो दुचाकीस्वाराच्या कुटुंबाने, फुटलेल्या ग्रामीण रस्त्यांनी आणि उलटलेल्या ट्रॉलीखाली सापडणाऱ्या तोडणी मजुराने भागविला जातो. आवारातील ताटकळणे कमी झाले तर त्याच वाहनाला दिवसात एखादी खेप अधिक करता येईल आणि वाढीव खर्चाचा बराच भाग तेथेच भरून निघेल. ते सर्वस्वी कारखान्याच्या नियोजनाच्या हाती आहे.

यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. गाळप सुरू करण्यापूर्वी प्रत्येक कारखान्याला साखर आयुक्तांचा परवाना घ्यावा लागतो, आणि शेतकऱ्यांची देणी थकविणाऱ्या कारखान्यांचे परवाने रोखले गेल्याची उदाहरणे आहेत. त्याच परवान्यात दोन अटी घालता येतील. मर्यादेपलीकडील वजनावर वाहतुकीचा मोबदला देऊ नये, ही पहिली. शेतकऱ्याला उसाचे पैसे पूर्ण वजनाचे मिळावेत. थांबावयाचा तो केवळ जादा टनांवरील वाहतूकदराचा लाभ. ज्या ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक, सुरक्षेची साखळी आणि उसाबाहेर दिसेल असा दिवा व परावर्तक पट्ट्या नाहीत, तिच्याशी वाहतूक करार करू नये, ही दुसरी. ब्रेकसाठी एक-दोन हंगामांची मुदत द्यावी लागेल आणि कारखान्यांनी उचलीबरोबर त्याचेही कर्ज द्यावे लागेल. दिवा व पट्ट्यांसाठी मुदतीचे कारण नाही. ट्रॉली रांगेत उभी असते तेवढ्या वेळात त्या बसविता येतात.