सोयाबीनचे अनुदान कोणाच्या खात्यात?

खरीप २०२३ मधील कापूस व सोयाबीन उत्पादकांसाठी राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये अर्थसाहाय्य मंजूर केले. हेक्टरी ५,००० रुपये, तेही दोन हेक्टरच्या मर्यादेत, आणि ०.२ हेक्टरपेक्षा कमी क्षेत्रास सरसकट १,००० रुपये, असे त्याचे स्वरूप होते. एकूण तरतूद सुमारे ४,१९४ कोटींची. त्यापैकी २,६४६ कोटी सोयाबीनसाठी. सप्टेंबरअखेर पैसे खात्यांत जमा होऊ लागले, तेव्हा विधानसभेचे मतदान सात आठवड्यांवर आले होते.

मदतीची गरज खरी होती, याविषयी दुमत नाही. ऑगस्ट २०२३ मधील पावसाच्या खंडाने मराठवाड्यात उतारा घटला होता. हेक्टरी दहा क्विंटल उत्पादन धरले, तरी ही मदत क्विंटलमागे ५०० रुपये पडते. रक्कम नगण्य नाही. परंतु ती उत्पादनाशी वा विक्रीशी जोडलेली नव्हती. सातबारा आणि ई-पीक पाहणीतील नोंद हाच तिचा आधार होता. त्यामुळे दुसऱ्याची जमीन बटईने वा ठोक्याने कसणारा, ज्याने बियाणे, खत आणि मजुरीचा खर्च सोसला, तो बहुधा वंचित राहिला. सामाईक खातेदारांना एकमेकांच्या ना-हरकतीसाठी धावपळ करावी लागली ती वेगळीच.

विक्रीशी जोडलेले अनुदान हा यावर उपाय ठरतो का? राज्यानेच २०१६ च्या हंगामात बाजार समितीत विकलेल्या सोयाबीनला क्विंटलमागे २०० रुपये, कमाल २५ क्विंटलपर्यंत, देऊ केले होते. मध्य प्रदेशाने २०२५ मध्ये भावांतर योजना राबविली. अशा योजनेत बाजार समितीतील विक्रीची पावती निर्णायक ठरते. गावातच व्यापाऱ्याला माल देऊन उसनवारी फेडणाऱ्या लहान शेतकऱ्याकडे ती नसते.

मूळ प्रश्न मात्र भावाचा आहे. २०२१ मध्ये दहा हजारांपर्यंत पोहोचलेले सोयाबीन २०२४ च्या काढणीच्या वेळी ४,८९२ रुपये हमीभावाच्याही खाली विकले जात होते. जागतिक बाजारातील मुबलक पुरवठा हे त्याचे एक कारण. सोयाबीनमध्ये तेल अवघे १८ टक्के. उरलेल्या पेंडीला मागणी नसेल तर भाव उभा राहत नाही. त्यातच देश खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीतून भागवितो. कच्च्या खाद्यतेलावरील एकूण आयात शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये ५.५ वरून २७.५ टक्के झाले आणि मे २०२५ अखेर, खरिपाच्या पेरणीच्या तोंडावर, ते १६.५ टक्क्यांवर आणले गेले. शहरी ग्राहकाला तेल स्वस्त मिळावे, ही अपेक्षा गैर नव्हे. मात्र त्या स्वस्ताईचा काही भार शेतकरी उचलतो आणि अनुदानाच्या रूपाने त्यातील थोडा त्याला परत मिळतो, हेही समजून घ्यावयास हवे.

केंद्राच्या तेलबिया अभियानाने १०,१०३ कोटी खर्चून २०३०-३१ पर्यंत तेलबियांचे उत्पादन ३९० लाख टनांवरून ६९७ लाख टनांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते साधायचे तर शुल्काचे धोरण पेरणीपूर्वी जाहीर करून काढणीपर्यंत स्थिर ठेवावे लागेल आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याची नोंद पीक पाहणीत व्हावी लागेल. यातील काहीच न झाल्यास शेतकरी पुढील हंगामात तेलबियांऐवजी अन्य पिकाकडे वळेल आणि अनुदानावरील खर्च होऊनही आयात वाढतच राहील.