मुळाशी चालते ते घडाला का चालू नये?

संपादक महोदय,


‘रोगाला दाद न देणाऱ्या संकरित द्राक्षाला बाजारात उठाव नाही, सबब त्याची लागवड व्यर्थ होय’ असा निवाडा आमच्या इंदापूर-बारामतीकडील जाणते बागायतदारही परस्पर देऊन मोकळे होतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुटावी, कोवळे घड बाहेर पडावेत आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस कोसळावा, हा अनुभव आम्हांस नवा नाही. अशा रात्रीनंतर पहाटे बागेत शिरून तेलकट डाग पडलेले पान उलटून पाहावे आणि पाठीमागे पांढरी बुरशी दिसताच फवारणीचा ट्रॅक्टर जुंपावा, ही आमची वहिवाट; निर्यातीच्या मालात औषधाचा अंश उरण्याची धास्ती निराळीच. केवडा नावाचा हा बुरशीजन्य रोग मूळचा अमेरिकेतला. तेथील रानद्राक्षांनी त्याच्या सहवासात प्रतिकारशक्ती कमावली. आमच्या थॉम्पसन, शरद, सोनाका यांच्या कुळाला ती लाभलीच नाही.

बारामती तालुक्यात होळ येथे जिचे प्रक्षेत्र आहे, त्या पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने अमेरिकन कुळातील कॅटाबा आणि ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून ‘एआरआय-५१६’ हे बिनबियांचे, बुरशीला तोंड देणारे वाण सिद्ध केले. बिनबियांच्या मण्यात गर्भ अकालीच खुरटत असल्याने बियाळ वेल माता आणि बिनबियांचा वेल पिता योजावा लागतो, व त्यांच्या संततीतून बिनबियांची रोपे निवडण्यात वर्षे जातात. इतक्या सायासाने निपजलेल्या वाणास चाखण्याआधीच बाद ठरवणे न्याय्य नव्हे.

त्याचा मणी बोरी गावच्या काळ्या जंबो द्राक्षाशी बरोबरी करणार नाही आणि त्याच्या स्वादाची आमच्या जिभेला सवय नाही, हे मला मान्य आहे. परंतु छाटणीनंतर ११० ते १२० दिवसांत तयार होणारे हे फळ रस, जॅम व मद्य यांना उत्तम. त्याला खाण्याच्या द्राक्षाचे माप लावावेच का? शिवाय खारवट पाण्याच्या भयाने टेक्सासच्या डॉगरिज खुंटावर आम्ही बिनतक्रार कलमे बांधतो. मग परकीय कुळ मुळाशी चालते, तर घडाशीच त्याचा विटाळ का मानावा?

माझी मागणी माफक आहे. कृषी खात्याने दोन्ही तालुक्यांत काही बागांतून या वाणाच्या चार-दोन ओळी प्रचलित वाणाशेजारी लावण्याची तजवीज करावी, रस-उद्योगाशी दराचा आगाऊ करार करवून द्यावा आणि फवारणी, मजुरी व उत्पन्न यांचा ताळेबंद तालुक्याच्या दप्तरी सर्वांस खुला ठेवावा. किलोमागे मिळालेला दर आम्ही सारे तोंडपाठ सांगतो. तो मिळवण्यास औषधांच्या दुकानी किती भरणा केला, हेही त्याच पानावर मांडले जावे, आणि निकाल मग खुशाल वाणाविरुद्ध जावो.

आपला नम्र,
एक द्राक्ष बागायतदार, ता. इंदापूर, जि. पुणे