गादी कोणी न्यायची?

दर वर्षी जुलै-ऑगस्ट आला की आमच्याकडच्या वडीलधाऱ्या मंडळींना एक ठरलेलं वाक्य सुचतं. कोणाच्या तरी दाराशी टॅक्सी उभी असते, टपावर बोजे चढत असतात, आणि बघायला जमलेल्यांतला एखादा काका म्हणतो, "पोराला शिकायला पाठवतात की संसार थाटायला? आमच्या वेळी एक पत्र्याची पेटी आणि एक वळकटी, बस्स!"

मंडळी, हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. आणि ते नुसतं कंटाळवाणं नाही, खोटंही आहे.

पहिली गोष्ट, वळकटी म्हणजे काय? गादीच ना? म्हणजे काकांनीही गादी नेलीच होती. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. १९६१ पूर्वी गोव्यात वैद्यकीय शिक्षण सोडलं तर वरच्या शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हतीच. धेंपे आणि चौगुले ही कॉलेजं १९६२ सालची, आणि आपलं विद्यापीठ तर १९८५ चं. त्याआधी मराठी घरातला मुलगा निघायचा तो बेळगावला, धारवाडला, पुण्याला नाही तर मुंबईला. कुळ्याला पोर्तुगीज पेटी उघडून बघायचे, कॅसलरॉकला पलीकडचे बघायचे. त्रास होताच. पण ही पेटी जिथे उतरायची तिथे कोणी तरी वाट बघत असायचं. मामा असायचा, आतेचे दीर असायचे, ओळखीच्याची एखादी खोली असायची. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि पुढे एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघालं. आणि यातलं काहीच नसलं तर पुण्यात वार लावून जेवायची सोय होती. सोमवारी अमक्याकडे, मंगळवारी तमक्याकडे.

या सगळ्याचे गोडवे गायचा माझा विचार नाही. वार कोणाला मिळायचे, कोणाला ओसरीवर बसवून वाढायचे आणि कोणाला दारातूनच परत पाठवायचे, हे आपल्याला माहीत आहे. सांगायचं एवढंच की त्या मुलाची पेटी हलकी होती, कारण उरलेलं ओझं दुसऱ्या कोणी तरी उचललेलं होतं. आमचे धर्मानंद कोसंबी १८९९ साली घरदार सोडून पुण्याला निघाले, त्यांचं उदाहरण तर हटकून पुढे केलं जातं. पण काशीला ते अन्नछत्रात जेवून शिकले, हे सांगायचं मात्र राहून जातं. ज्ञानाची तहान त्यांची, भात समाजाचा. आता तो मामा नाही, छत्र नाही, वार नाहीत (गेले ते बरंच झालं), आणि त्यांच्या जागी आलेलं सरकारी वसतिगृह मुलाला काय देतं? एक खाट. वर प्लायवूडची फळी. एक टेबल, एक खुर्ची, अर्धं कपाट.

गादी नाही.

प्रवेश पक्का झाला की संस्थेकडून एक पत्रक येतं. मी अशी तीन-चार पत्रकं वाचली आहेत, एक स्वतःच्या लेकीचं, बाकीची ऑफिसातल्या लोकांनी 'जरा बघा हो, काय लिहिलंय' म्हणून आणून दिलेली. मजकूर थोड्या फार फरकाने एकच. 'विद्यार्थ्याने सोबत आणावयाच्या वस्तू : गादी, उशी, चादरी, पांघरूण, मच्छरदाणी, बादली, मग, कुलूप...' आणि खाली ठळक अक्षरांत 'आणू नयेत अशा वस्तू', त्यात इस्त्री, हीटर, किटली. आणि मे महिन्यात काय? 'सत्र संपल्यावर विद्यार्थ्याने आपले सर्व सामान हलवून खोली पूर्णपणे रिकामी करावी.' कुठे हलवावी, हे पत्रकात नाही.

आता कोणी म्हणेल, एवढं लांब जायला सांगितलं कोणी? सरकारने सांगितलं! एनआयटीसारख्या संस्थांत निम्म्या जागा त्या राज्यातल्या मुलांना आणि निम्म्या बाहेरच्यांना. म्हणजे देशातली मुलं इकडून तिकडे जावीत ही योजनाच आहे, आणि चांगली योजना आहे. वाटप दिल्लीत कॉम्प्युटरवर होतं. पेडण्याच्या पोरीला आसाम मिळतं, आसामच्या पोराला कुंकळ्ळी. ज्याने पाठवलं त्याने पाठवणीचा विचार करायला नको?

आणि सरकारला हा विचार करता येत नाही असं नाही. इथे मी जरा माझ्या टेबलावरचं बोलतो. गेली वीस-बावीस वर्षं मी बदल्यांची प्रवासभत्ता बिलं तपासतो आहे. केंद्राच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे लेव्हल सहा आणि त्यावरच्या अधिकाऱ्याची बदली झाली तर ६००० किलो घरसामान सरकारी खर्चाने जातं. लेव्हल पाचला ३००० किलो. माझ्यासारख्या चारच्या खालच्याला १५०० किलो. वर मूळ वेतनाच्या ८० टक्क्यांपर्यंत एकरकमी बदली अनुदान. का? तर माणूस सरकारच्या हुकमाने हलला की त्याचा संसारही हलतो, आणि तो खर्च त्याच्या बोडक्यावर टाकणं अन्याय आहे, हे सरकारला पटलेलं आहे. बरोबरच आहे. साहेबांच्या सोफासेटासाठी सहा टन. आणि त्याच सरकारने दोन-अडीच हजार किलोमीटरवर जागा दिलेल्या अठरा वर्षांच्या मुलीसाठी? शून्य किलो. केंद्रीय कर्मचाऱ्याच्या मुलाला वसतिगृह अनुदान मिळतं, पण तेही साधारण बारावीपर्यंत. म्हणजे जवळच्या वसतिगृहात होता तोवर मदत, आणि खरा लांब गेला की संपली. नियम कोणी केले देव जाणे. करताना घरातल्या कोणाला तरी विचारायला हवं होतं.

रेल्वेचं बघा. स्लीपरच्या तिकिटावर ४० किलो सामान फुकट नेता येतं, थ्री टायर एसीलाही ४०, साध्या सेकंड क्लासला ३५. ऐकायला छान वाटतं. पण नियमात नुसतं वजन नाही, मापही आहे : पेटी १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटरपेक्षा मोठी नको, आणि थ्री टायर एसीत तर ५५ बाय ४५ बाय साडेबावीस. आता तीन फुटी खाटेची कापसाची गादी गुंडाळा आणि पंचवीस सेंटिमीटरच्या पेटीत बसवून दाखवा. मी शंभर रुपये देतो. वजन भरतं आठ-दहा किलो, जागा मात्र दोन माणसांची. मग सांगतात, ब्रेकव्हॅनला बुक करा. ठीक. त्यासाठी सामान आधी स्टेशनवर न्या, शिवून पॅक करा, नाव-पत्ता लिहा, तोलून घ्या, पावती घ्या. आणि वाटेत गाडी बदलायची असली तर ते सामान तिकडे उतरलं की नाही, दुसऱ्या गाडीला चढलं की नाही, हे बघायला फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावा. थिवी-पेडण्यासारख्या ठिकाणी, जिथे गाडी थांबली न थांबली तोच सुटते, तिथे कसली ब्रेकव्हॅन आणि कसलं काय!

गंमत म्हणजे हीच रेल्वे एसीतल्या प्रवाशाला एका रात्रीसाठी दोन चादरी, उशी आणि ब्लँकेट देते. एका रात्रीच्या पाहुण्याला अंथरूण आणि चार वर्षं राहणाऱ्याला फळी.

विद्यार्थ्यांना तिकिटात सवलत आहे. २०२० च्या मार्चमध्ये ज्येष्ठ नागरिकांची सवलत गेली, पण विद्यार्थ्यांची राहिली. घरी जाण्या-येण्याला सर्वसाधारण विद्यार्थ्याला निम्मं भाडं, अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्याला पाऊण भाडं माफ. पण त्या फॉर्मवर सही पाहिजे संस्थेच्या प्रमुखाची. आता ज्या मुलीने अजून त्या संस्थेत पाऊल टाकलेलं नाही, तिने पहिल्या प्रवासाला ती सही आणायची कुठून? म्हणजे ज्या एकाच प्रवासात सगळं बिऱ्हाड सोबत असतं, बाप किंवा आई बरोबर असते, हॉटेलात एक रात्र काढायची असते, नेमक्या त्याच प्रवासाला सवलत नाही. पुढे दिवाळीत एक पाठीवरची पिशवी घेऊन घरी येते तेव्हा आहे.

बसवाल्यांबद्दल फार लिहीत नाही. खाजगी बसचा क्लीनर बोजाकडे बघतो, मग बापाच्या चपलांकडे बघतो आणि भाव सांगतो. पावती मागितलीत तर बोजा खाली. पुरे.

आमच्या ऑफिसात एक शिपाई आहे. त्याची मुलगी हुशार, ईशान्येकडच्या एका संस्थेत तिला जागा मिळाली. अख्ख्या ऑफिसने पेढे खाल्ले. आठवड्याने तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला, हातात ते पत्रक. म्हणाला, "भाऊ, फीचं स्कॉलरशिपमधून होतलें. पण हें सगळें व्हरपाचें कशें?" फी त्याला भीती घालत नव्हती, त्या कागदावरच्या चौदा वस्तू घालत होत्या. दोन गाड्या, मध्ये एक अख्खा दिवस परक्या शहरात, दोन माणसं आणि सहा बोजे. बायको म्हणत होती, फोंड्याला बीएस्सीला घालूया. शेवटी काय केलं? गादी न्यायची नाही असं ठरलं. तिकडे पोचल्यावर गेटबाहेरच्या दुकानदाराने सांगितली ती किंमत दिली, कारण संध्याकाळ झाली होती आणि पोरगी फळीवर झोपणार होती. पुढच्या मे महिन्यात ती गादी व्हरांड्यात टाकून ती घरी आली. ऑगस्टमध्ये दुसरी घेतली. त्या व्हरांड्यात, ती सांगत होती, असा गाद्यांचा ढीगच लागतो.

यावर शहाणे लोक सांगतात, आता सगळं ऑनलाइन मिळतं, मोबाइलवर बटण दाबा, गादी गेटवर हजर. मिळतं, कबूल. पण पैसे बापाचेच ना? आणि दर वर्षी टाकून द्यायला गादी विकत घेणं हा इलाज झाला की रोगाचाच दुसरा प्रकार? ज्याच्याकडे पैसे आहेत त्याचा प्रश्न सुटला की आपल्याकडे प्रश्नच सुटला असं समजतात.

दुसरा आक्षेप वॉर्डन लोकांचा. सामायिक गादीत ढेकूण होतात म्हणे, स्वच्छता कोण ठेवणार? अहो, सरकारी इस्पितळात, विश्रामगृहात गाद्या असतात की नाही? रेक्झीनचं कव्हर नावाची वस्तू फार पूर्वी निघाली आहे. नवोदय विद्यालयं आपल्या वाळपईला आणि काणकोणला आहेत. तिथे सहावीच्या मुलाची राहण्या-जेवण्याची, गणवेशाची, पुस्तकांची सोय सरकार करतं, आणि नववीत काही मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातही पाठवतं. तेव्हा मुलगा सरकारचा असतो. बारावी झाली की बापाचा!

आणि सामान ठेवायच्या जागेचं म्हणाल तर आमच्या गोंयकारांनी ते कोडं कधीच सोडवलं होतं. मुंबईत धोबीतलावच्या बाजूला गावोगावच्या ख्रिस्ती बांधवांच्या 'कुडी' होत्या, काही अजून आहेत. गावच्या नावाची एक मोठी खोली, भिंतीला लागून रांगेने पेट्या, एका बाजूला देव्हारा. तारवटी बोटीवर जाताना पेटी तिथे ठेवून जायचा. महिन्यांनी परत यायचा तेव्हा पेटी तिथेच. ना अनुदान, ना वातानुकूलित इमारत. बोटीवरच्या खलाशांना आणि खानसाम्यांना जे जमलं ते कोट्यवधींच्या संस्थेला जमू नये? प्रत्येक मजल्यावर एक कुलूपबंद खोली, एक वही, एक पावती. एवढंच लागतं.

मिस्कुटाची बरणी, सोलं, उकड्या तांदळाची पिशवी हे आई घालणारच, त्याला कोणाचं अनुदान नको. ते ओझं नव्हे. (काकांच्या पेटीतही ते होतंच, विचारून बघा.) आणि आमच्या लेकी-सुनांचं म्हणाल तर मी बघितलेल्या घरांत 'मुलीला एवढ्या लांब कशाला' हा प्रश्न पुष्कळदा 'बरोबर कोण जाणार, बोजे कोण उचलणार' इथूनच सुरू झालेला आहे. पुढची कारणं मागाहून जोडली जातात.

तेव्हा मागणी साधी आहे. गादी, उशी, बादली ही खाटेबरोबर आलीच पाहिजे. मे महिन्यात सामान ठेवायला खोली आणि पावती. रेल्वेने पहिल्या प्रवासाला प्रवेशाचं पत्र हाच दाखला धरावा, आणि त्या एका वेळी ब्रेकव्हॅनचं भाडं माफ करावं. कुठल्या हेडाखाली खर्च टाकायचा, असं एखादा अकाउंटवाला विचारील. मीही तेच काम करतो, म्हणून सांगतो. खाट ज्या हेडाखाली घेतलीत ना, त्याच.