क्षमा केली, खटला चालूच राहिला

ओडिशातल्या केओंझर जिल्ह्यातल्या मनोहरपूर गावी २२ जानेवारी १९९९ च्या रात्री मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुले, दहा वर्षांचा फिलिप व सहा वर्षांचा टिमोथी, चर्चबाहेर गाडीत झोपली होती. जमावाने त्यांना गाडीसकट जिवंत जाळले. मागे उरल्या पत्नी ग्लॅडिस आणि मुलगी एस्थर. ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले. अशी क्षमा न्यायाच्या मुळावर येते, असा आक्षेप तेव्हापासून अधूनमधून ऐकू येतो.

मराठी वाचकाला या आक्षेपाचे बळकट रूप ठाऊक आहे. 'सहा सोनेरी पाने'मध्ये सावरकरांनी पात्रापात्र न पाहता दाखवलेल्या दयेला 'सद्गुणविकृती' म्हटले. मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. राजाने शत्रूला सोडून दिले तर त्याची किंमत प्रजा मोजते. पण ग्लॅडिस राजा नव्हत्या. क्षमा आणि गुन्ह्याचे परिणाम या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी स्वतः सांगितले. खटला चालला. मुख्य आरोपी दारा सिंगला २००३ मध्ये फाशी सुनावली गेली, २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच कायम केली. यातला कोणता निकाल ग्लॅडिस यांच्या क्षमेने अडवला?

दुसरे उदाहरण आक्षेपकाला जास्त सोयीचे आहे, म्हणून तेही घेऊ. मध्य प्रदेशात गरीब शेतकऱ्यांना सावकारी पाशातून सोडवणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांचा २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसच्या प्रवासात सुपारी देऊन खून करवला गेला. मारेकरी समुंदर सिंग. राणी मारियांची धाकटी बहीण सेल्मी पॉल, त्याही धर्मभगिनीच, २००२ मध्ये तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधून आल्या. पुढे कुटुंबाने त्याच्या सुटकेला पाठिंबा दिला आणि २००६ मध्ये तो सुटला. इथे क्षमेने शिक्षेला हात लावला, हे मान्य. पण अकरा वर्षे त्याने भोगली होती, सूट दिली ती सरकारने, आणि सुटलेला समुंदर राणी मारियांच्या कबरीवर डोके टेकवायला जात राहिला. सद्गुण इथे विकृत कुठे झाला, ते दाखवावे.

मग हे बळ येते कुठून? स्वभाव मवाळ असेल, असे म्हणून टाळता येत नाही. पोटची दोन मुले जळाल्यावर मवाळपणा पुरत नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूने एका चाकराचा दृष्टांत दिला आहे. धन्याने त्याचे दहा हजार तालांतांचे अवाढव्य कर्ज माफ केले, आणि बाहेर पडताच त्याने शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. ख्रिस्ती माणूस स्वतःला त्या चाकराच्या जागी पाहतो. आपलेच न फिटणारे देणे क्रूसावर फिटले, ही त्याची श्रद्धा आहे. म्हणून तो मारेकऱ्याकडे न्यायाधीश होऊन नव्हे, सुटलेला ऋणको होऊन बघतो, आणि सूड देवावर सोपवतो. हा हिशेब एकदा मांडून संपत नाही. शिष्य पेत्राला सात वेळा क्षमा करणे पुरेसे वाटले होते; येशूने तो आकडा सत्तर पटींनी वाढवला, तो उगाच नाही. ग्लॅडिस २००४ पर्यंत ओडिशातच, बारीपदात राहून कुष्ठरोग्यांचे काम पाहत होत्या, हा त्या हिशेबाचा रोजचा भाग.

आता आमच्या ख्रिस्ती घरातल्यांशी भांडण. सत्तर वेळा सातचे वचन मार खाणाऱ्या बायकोला आणि अत्याचार झालेल्या मुलाला ऐकवून त्यांची तोंडे बंद करणारे पाळक आहेत. त्याच अध्यायात, त्या वचनाच्या आधी, लहानग्याला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेले बरे, असे येशूच म्हणतो. ते पान हे लोक उलटून पुढे जातात. ग्लॅडिस किंवा सेल्मी यांना कोणी क्षमेचा हुकूम सोडला नव्हता. जखम ज्याची, क्षमा त्याची. दुसऱ्याने मागितली की ती दडपशाही होते. न्यायाचा शत्रू शोधायचाच असेल तर सावरकरवाद्यांनी आणि आम्हीही तो इथे शोधावा.

म्हणून पाळकांना विनंती: अशी बाई दारात आली तर आधी तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जा. क्षमेचे ती आणि तिचा देव पाहून घेतील.