शील : कोरलेले की घडवलेले?

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' नावाचा एक रकाना असतो आणि त्यात बहुधा 'चांगली' एवढाच शब्द लिहिलेला असतो. पुढे नोकरीच्या वेळी पोलिसांकडून 'चारित्र्य पडताळणी' होते. तिचा अर्थ इतकाच, की अर्जदारावर गुन्ह्याची नोंद आहे किंवा नाही. चारित्र्यासारख्या थोर शब्दाच्या वाट्याला इतके किरकोळ काम यावे, याचे आम्हांस नवल वाटते. म्हणूनच माणसाची ओळख सांगणारे हे शब्द आले कोठून, हे पाहणे अगत्याचे आहे.

'कॅरेक्टर' आणि 'चारित्र्य' हे शब्द कानाला सारखे लागतात. पण त्यांचे कूळ एक नाही. कॅरेक्टर हा मूळचा ग्रीक शब्द. कोरणे, ओरखडणे या अर्थाच्या क्रियापदापासून तो निघाला. कोरण्याचे हत्यार, नंतर नाण्यावर उठवलेला छाप आणि त्यावरून माणसाला इतरांहून वेगळे दाखवणारी खूण, असा त्याचा प्रवास झाला. इ.स.पूर्व पाचव्या शतकातील इतिहासकार हिरोडोटस याने सायरसची बालपणीची कथा सांगितली आहे. गुराख्याच्या घरी वाढलेला हा दहा वर्षांचा मुलगा राजासमोर उभा राहतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्याची ठेवण पाहून राजाला आपल्या रक्ताचा संशय येतो. त्या ठेवणीसाठी हिरोडोटसने हाच शब्द वापरला आहे. खूण जन्माने आलेली, आणि गुराख्याच्या घरी वाढूनही न पुसलेली!

आमच्याकडील 'चारित्र्य' मात्र 'चर्' धातूपासून आले. चर् म्हणजे चालणे, वागणे. त्यात छाप नाही, चाल आहे. 'शील' या शब्दाचा मूळ अर्थ तर सवय, वळण असाच होता. विचारशील, सहनशील, प्रयत्नशील या शब्दांत तो आजही जिवंत आहे. एवढेच काय, 'स्खलनशील'मध्येही आहे. वळण चांगले तसे वाईटही असू शकते, म्हणून तर पालीत 'दुस्सील' हा शब्द लागला. पंचशीलातील प्रत्येक शीलाला 'सिक्खापद' म्हणतात, म्हणजे शिकण्याची पायरी. आपल्या वसतिगृहात ती रोज म्हटली जातात. नाण्यावरचा छाप एकदा उठला की उठला. वळण मात्र रोज गिरवावे लागते.

या संदर्भात सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्त आम्हांस फार मोलाचे वाटते. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन तरुणांत वाद पडला : ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने? भगवंतांनी उत्तर देताना गवत, झाडे, किडे, चतुष्पाद, साप, मासे, पक्षी अशी यादीच मांडली. यांच्यात जातीजातींची वेगळी जन्मजात खूण असते. त्या खुणेसाठी तेथे 'लिंग' हा शब्द आहे. माणसांत मात्र केस, कान, डोळे, ओठ काहीही तपासा, तशी खूण सापडत नाही. शेती करतो तो शेतकरी, कारागिरी करतो तो कारागीर, चोरी करतो तो चोर. माणसाचे नाव त्याच्या कृतीवरून पडते.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. 1871 साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि सबंध जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा छाप मारला. पाळण्यातले मूलही त्यातून सुटले नाही. 1952 मध्ये तो कायदा गेला. छाप मात्र लोकांच्या नजरेतून अद्याप गेलेला नाही. अशा वस्त्यांतून शाळेत आलेल्या मुलाची पेन्सिल हरवलेल्या वर्गात पहिली झडती कोणाची होते, हे शिक्षकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

म्हणून आमचे शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक मागणे आहे. प्रगतिपुस्तकात 'स्वभाव : आळशी', 'स्वभाव : भांडखोर' असे शेरे लिहू नयेत. मुलाने काय केले ते तारखेनिशी लिहावे. 'या महिन्यात चार वेळा गृहपाठ केला नाही', हे वाक्य कठोर असेल, परंतु पुढल्या महिन्यात ते बदलता येते. 'वर्तणूक' या रकान्यातही ठरावीक 'चांगली' लिहिण्याऐवजी त्या मुलाने खरोखर केलेली एखादी गोष्ट लिहावी. जागा अपुरी पडली, तर सोबत एक कागद जोडावा.