आजोबांची मोटार आणि तिचा विमा

पावसाळ्यात नागपूर-भंडाऱ्याकडील अनेक कुटुंबे सुटीच्या दिवशी गोसीखुर्दची वाट धरतात. पवनी तालुक्यात वैनगंगेवर बांधलेल्या या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. त्याच्या ३३ दरवाजांतून सुटणारे पाणी पाहण्यासाठी माणसे दुरून येतात. नागपूरहून उमरेड, भिवापूरमार्गे हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर आहे. नव्या मोटारीला हा प्रवास किरकोळ वाटतो. परंतु घरातील जुनी, दोन आसनांची, जमिनीलगत धावणारी स्पोर्ट्स मोटार याच रस्त्यावर काढायची असेल, तर निघण्यापूर्वी टायरमधील हवेबरोबर विम्याचे कागदही तपासावे लागतात.

जुन्या व्यापारी घराण्यांत अशी एखादी मोटार पेढीच्या चांगल्या दिवसांची खूण म्हणून जपलेली असते. समजा, एका कुटुंबात आजोबांनी हौसेने घेतलेली १९६५ सालची ट्रायम्फ स्पिटफायर आहे. तिचे इंजिन ११४७ सीसीचे. मद्रासला तयार होणारी स्टँडर्ड हेरल्ड अनेकांना आठवत असेल. त्याच घराण्यातील हेरल्डची चासी आखूड करून स्पिटफायर घडवली गेली. आजोबा निवर्तले, मुलाने मोटार दुरुस्त करून घेतली आणि दरवर्षी न चुकता विम्याचा हप्ता भरला. हप्ता भरला म्हणजे मोटार सुरक्षित झाली, अशी घरातील सर्वांची समजूत. या समजुतीची परीक्षा चार प्रश्नांनी होते.

मोटार कोणाच्या नावावर आहे?

पेढीचे भागीदारीपत्र बदलते, बँकेतील खात्यांची नावे बदलतात; गॅरेजमधील मोटार मात्र आजोबांच्याच नावावर राहते. मोटार विम्याच्या प्रचलित अटींनुसार विमाधारकाच्या मृत्यूनंतर पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंतच चालू राहते. या काळात वारसाने आरसी बुक आणि पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घ्यावी, अशी अपेक्षा असते. दिवंगत व्यक्तीच्या नावाने वर्षानुवर्षे भरलेला हप्ता क्लेमच्या वेळी उपयोगी पडेल, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. एकाहून अधिक वारस असतील, तर इतरांची लेखी संमती वेळीच घ्यावी. अपघातानंतर ती मागण्याची वेळ आली, की मोटारीबरोबर भावाभावांतील संबंधांचीही मोडतोड होते.

मोटार कशासाठी वापरायची आहे?

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली, खासगी वापराची आणि चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा मोटार यात बसते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे टिकते. पुनर्नोंदणीस ५,००० रुपये पडतात. वाहनाच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीच्या खासगी मोटारीचा तृतीय पक्ष विम्याचा हप्ता ३,४१६ रुपये आहे, आणि विंटेज म्हणून नोंदलेल्या मोटारीला त्यात ५० टक्के सवलत मिळते. म्हणजे हप्ता १,७०८ रुपयांवर येतो.

सवलत आकर्षक आहे. तिच्याबरोबर येणारे बंधन मात्र फारसे वाचले जात नाही. अशा नोंदणीची मोटार नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल एवढ्यासाठीच तिला मुभा आहे. रविवारी कुटुंबासह धरण पाहायला जाणे यात बसत नाही. वाटेत अपघात झाला, तर नियमबाह्य वापराचा मुद्दा विमा कंपनी उपस्थित करू शकते. ज्यांना मोटार अधूनमधून खरोखर चालवायची आहे, त्यांनी फिटनेस तपासणी करून साधी नोंदणीच नूतनीकृत करावी. सतराशे रुपयांच्या बचतीसाठी मोटारीचा मुक्त वापर गमावणे हा फायद्याचा सौदा नव्हे.

मोटारीची किंमत किती?

खरी तुलना येथे सुरू होते. स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा विमा विमित घोषित मूल्यावर, म्हणजेच आयडीव्हीवर चालतो. पाच वर्षांपर्यंतच्या मोटारीसाठी घसाऱ्याचे कोष्टक ठरलेले आहे. पाच वर्षांवरील आणि उत्पादन थांबलेल्या मॉडेलचे मूल्य मात्र कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायचे असते. मालक गप्प राहिला, की कंपनी आकडा लहान ठेवते. हप्ता कमी आला म्हणून मालकही समाधानी राहतो.

समजा, बाजारात बारा लाख किमतीच्या या मोटारीचा आयडीव्ही दीड लाख ठेवला. मागून ट्रकचा धक्का बसला. पत्र्याच्या सुट्या भागांचे १,६०,००० आणि मजुरीचे ८०,००० रुपये बिल झाले. दहा वर्षांवरील मोटारीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, मजुरीवर नाही. रंगकाम बाजूला ठेवले, तर कंपनीचा वाटा १,६०,००० आणि त्यातून सक्तीची वजावट १,००० रुपये. परंतु दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांहून, म्हणजे येथे १,१२,५०० रुपयांहून अधिक असल्यामुळे मोटार संपूर्ण हानी ठरते. दीड लाखाच्या आत हिशेब मिटतो आणि दुरुस्त होऊ शकणारी आजोबांची मोटार कागदावर भंगार होते. आयडीव्ही बारा लाख असता, तर हीच मर्यादा नऊ लाख झाली असती. कंपनीने १,५९,००० रुपये दिले असते, मालकाने ८१,००० रुपये सोसले असते आणि मोटार घरी आली असती.

मोठ्या आयडीव्हीला हप्ताही मोठा लागतो, हे खरे. जुन्या टॅरिफमध्ये दहा वर्षांवरील अशा मोटारीचा दर किमतीच्या सुमारे साडेतीन टक्के होता. आता तो कंपनीगणिक बदलतो. म्हणून निदान तीन कंपन्यांकडून एकाच आयडीव्हीवर दरपत्रक मागवावे. वेगवेगळ्या आयडीव्हीवरील हप्त्यांची तुलना ही तुलनाच नव्हे. मान्यताप्राप्त मूल्यमापकाचा अहवाल, चारही बाजूंची छायाचित्रे आणि दुरुस्तीची बिले प्रस्तावासोबत जोडावीत. इंग्लंड-अमेरिकेत जुन्या मोटारींसाठी मान्य मूल्याच्या स्वतंत्र पॉलिसी मिळतात. मूल्य आधी ठरते आणि हानीच्या वेळी त्यावर वाद राहत नाही. आपल्याकडे हे काम मालकालाच आग्रहाने करून घ्यावे लागते. मोटार वर्षभर गॅरेजमध्येच उभी राहणार असेल, तर केवळ आग आणि चोरीच्या संरक्षणाचीही चौकशी करावी.

वाटेत बंद पडली तर?

विमा अपघाताचा असतो, बिघाडाचा नव्हे. झीज, यांत्रिक व विद्युत बिघाड पॉलिसीतून स्पष्टपणे वगळलेले असतात. अपघातानंतर मोटार ओढून नेण्यासाठी प्रमाणित पॉलिसी १,५०० रुपयांपर्यंतच देते. विदर्भाच्या उन्हात जुन्या मोटारीचे पेट्रोल नळीतच वाफ होऊन अडते, रेडिएटर तापतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने जुन्या रबरी नळ्या खराब होतात. यांपैकी कशाचीही भरपाई मूळ पॉलिसी देत नाही.

त्यासाठी रस्त्यावरील मदतीचे जोडसंरक्षण घ्यावे लागते किंवा मोटार संघटनेचे सभासद व्हावे लागते. दोन्हींची तुलना करताना शुल्कापेक्षा पुढील गोष्टी विचाराव्यात. इतक्या जुन्या मोटारीला ही सेवा मिळते का? भिवापूर-पवनीच्या रस्त्यापर्यंत गाडी येईल का? किती किलोमीटर विनामूल्य, आणि ते कोठून मोजणार? मोटार ‘जवळच्या अधिकृत वर्कशॉप’मध्येच नेणार, की मालक सांगेल त्या मिस्त्रीकडे? ट्रायम्फचे अधिकृत वर्कशॉप आज आपल्याकडे कोठेच नाही. तेव्हा ही अट राहिली तर सेवा असून नसल्यासारखी. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: मोटार पुढून उचलून ओढणार, की सपाट पाठीच्या ट्रकवर चढवून नेणार? ठेंगण्या मोटारीला क्रेनचा हुक लावला, की बिघाड शंभर रुपयांचा आणि मोडलेला बंपर मिळणे दुरापास्त, अशी गत होते.

नदीकाठच्या प्रवासात आणखी एक सावधगिरी हवी. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडारा जिल्ह्यात किती हाहाकार उडवला, हे लोक विसरलेले नाहीत. पुरात बुडालेल्या मोटारीच्या हानीला स्वतःच्या नुकसानीचा विमा लागू होतो. पण पाणी शिरलेले इंजिन सुरू करून पाहिले आणि ते निकामी झाले, तर ती परिणामी हानी म्हणून क्लेम नाकारला जाऊ शकतो. अशा वेळी चावीला हात न लावता छायाचित्रे काढावीत, कंपनीला कळवावे आणि सर्व्हेअरची वाट पाहावी.

व्यापारी मनुष्य दिवाळीला मालाची मोजदाद करतो, तेव्हा प्रत्येक वस्तूपुढे तिची खरी किंमत लिहितो. घरातील जुन्या मोटारीपुढेही वर्षातून एकदा चार नोंदी व्हाव्यात: मालकाचे नाव, वापराचे कारण, ठरलेली किंमत आणि बंद पडल्यास बोलवायच्या ट्रकचा दूरध्वनी. या चारही नोंदी खऱ्या असतील, तर हप्ता थोडा जास्त गेला तरी खंत वाटत नाही. यांपैकी एक जरी चुकीची असली, तर भरलेला हप्ता अडचणीच्या दिवशी कामास येईलच असे नाही.