फोटोत आई कुठाय?

आई गेली, तेव्हा तेराव्याला हार घालायला तिचा एक फोटो हवा होता. घरात तीन अल्बम. भावाने ते कपाटावरून काढले, धूळ झटकली आणि आम्ही दोघं सतरंजीवर बसून पानं उलटू लागलो. बाबा सायकलजवळ उभे, बाबा मित्रांसोबत सहलीला, भावाचा पहिला वाढदिवस, माझं गॅदरिंग, मामाचं लग्न. आई कुठाय? एका फोटोत तिचा हात सापडला, पुऱ्यांचं ताट धरलेला. दुसऱ्या एकात नुसता पदर. लग्नाच्या ग्रुप फोटोत ती मागच्या रांगेत, कुणाच्या तरी फेट्याआड अर्धी. शेवटी आधार कार्डावरचा फोटो स्टुडिओतून मोठा करून आणला. माझी खळखळून हसणारी आई त्यात घाबरल्यासारखी दिसते. आजही भिंतीवर तोच आहे.

मैत्रिणींनो, जमलं तर आज दुपारी तुमच्याही घरचा अल्बम काढून बघा. तुमची आई, तुमच्या सासूबाई त्यात किती वेळा दिसतात, ते मोजा. आणि दिसतात तेव्हा काय करताना? ओवाळताना, वाढताना, नाहीतर कडेला उभ्या.

दोष कुणाला द्यायचा? मामाकडे आगफाचा ‘क्लिक थ्री’ कॅमेरा होता. एका रोलमध्ये फोटो निघायचे फक्त बारा. रोल महाग, धुलाई महाग. तेव्हा बारा फोटोंत लग्न, बारसं, वाढदिवसच बसणार. रोज भाकरी थापणाऱ्या हातांवर कोण रोल खर्च करणार? ते मी समजू शकते. पण आता हातात मोबाईल आहे, रोलचा खर्च नाही, तरी बाईचा फोटो अजून कागदपत्रांपुरताच निघतो. बचत गटाच्या कामासाठी मी अहेरीच्या आसपासच्या गावांमध्ये फिरते. एकदा एका आजी अंगणात मोहफुलं वाळत घालत होत्या. सकाळचं कोवळं ऊन, पिवळसर फुलांचा सडा आणि मध्ये त्या उकिडव्या बसलेल्या. मी विचारलं, “आजी, फोटो काढू का?”

“माहा फोटो कायले काढता बाई? राशनकार्डाले पायजे का?”

“नाही आजी, तुमच्या नातीला दाखवायला.”

त्या लाजल्या, डोक्यावरचा पदर नीट केला आणि नातीला हाक मारून जवळ बसवलं. पंधरा दिवसांनी तो फोटो कागदावर काढून नेऊन दिला. आजींनी तो बराच वेळ बघितला आणि मग सातबारा, पासबुक ठेवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत जपून घातला. घरातली सगळ्यात मोलाची जागा तीच!

तेव्हापासून मी फोटो काढायला लागले. कुठे शिकले नाही, कॅमेरा घेतला नाही, हाच साधा मोबाईल. सासूबाई चिंचा फोडताना, लेक वेणी घालताना आरशाशी भांडत असताना, आमचे हे चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधताना. सुरुवातीला सगळे हसले. “अगं, घर आवरलेलं नाही, मागे दोरीवर कपडे दिसतात,” असंही झालं.

घर लपवायची ही खोड आपली जुनीच. आठवतंय ना, स्टुडिओत गेलं की मागे काश्मीरचा नाहीतर ताजमहालाचा पडदा असायचा? आपलं कौलारू घर, तुळशीवृंदावन, गोठा कधी फोटोत आलाच नाही. पण ही खोड एकट्या आपलीच आहे, असंही नाही. अमेरिकेत नेब्रास्का नावाचं राज्य आहे. तिथे मैलोन् मैल गवताची सपाट माळरानं, त्यांना प्रेअरी म्हणतात. लाकूड दुर्मिळ, म्हणून तिथे नव्याने वसलेले शेतकरी गवताळ मातीची ढेकळं रचून घरं बांधायचे. सॉलोमन बुचर नावाच्या माणसाचं शेतीत मन रमलं नाही. 1886 पासून तो कॅमेरा घेऊन गाडीतून घरोघर फिरला आणि त्या कुटुंबांचे त्यांच्या दारात, त्यांच्या माळावर फोटो काढत गेला. हिल्टन नावाच्या घरातल्या बाईंनी त्याला अट घातली, की आमची बाजाची पेटी फोटोत दिसली पाहिजे, पण मातीचं घर दिसता कामा नये! मग ती जड पेटी उघड्यावर आणली आणि तिच्याभोवती सगळे उभे राहिले. गावाकडच्या नातलगांना आपली गरिबी कळू नये, एवढंच त्या माउलीच्या मनात. किती आपल्यासारखी वाटते ना?

आज मात्र बुचरच्या फोटोंमधली ती मातीची घरंच लोक निरखून बघतात. ख्रिसमन घराण्यातल्या चार बहिणींचा त्याचा फोटो प्रसिद्ध आहे. चौघी मातीच्या घरापुढे ताठ उभ्या. त्यांच्यातल्या मोठ्या बहिणींनी स्वतःच्या नावावर सरकारी जमीन मिळवली. मागे तेव्हा एखादा शोभेचा पडदा सोडला असता, तर त्या कुठे आणि कशा राहत होत्या हे कळलं असतं का? ज्याची आज आपल्याला लाज वाटते, तेच उद्या नातवंडांना बघायचं असतं.

‘हे पुरुषांचं काम, आपल्याला कुठलं जमायला’ असं कुणी म्हणेल. तर मनोबीना रॉय यांची गोष्ट ऐका. 1919 साली जन्मलेल्या मनोबीना आणि देबलीना या जुळ्या बहिणी. बाराव्या वाढदिवसाला वडिलांनी दोघींना कॅमेरे दिले आणि फोटो धुवायलाही घरीच शिकवलं. पुढे मनोबीनांचं लग्न झालं ‘दो बिघा जमीन’वाले बिमल रॉय यांच्याशी, आणि त्या मुंबईत राहू लागल्या. नवरा एवढा मोठा दिग्दर्शक, घर माणसांनी भरलेलं. तरी त्यांनी कॅमेरा सोडला नाही. पोटापाण्यासाठी नव्हे, हौस म्हणून. घरच्यांचे, पाहुण्यांचे, रस्त्यावरच्या साध्या माणसांचे फोटो काढत राहिल्या. संसार करणाऱ्या बाईचं घराकडे बघणं वेगळं असतं. कोण कधी हसतं, कोण कुठल्या कोपऱ्यात गप्प बसतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? बाहेरून आलेल्या फोटोग्राफरला ते चार तासांत कसं दिसेल?

जे घराचं, तेच आपल्या मुलखाचं. गडचिरोली म्हटलं की पेपरात, टीव्हीवर वर्षानुवर्षं बंदुका, जळालेल्या गाड्या आणि बिच्चारे आदिवासी एवढंच दिसलं. फोटो काढणारे बाहेरचे, त्यांना जे हवं ते त्यांनी काढलं. फाल्गुनात पेटल्यासारखा फुललेला पळस, आलापल्लीचं उंचच उंच सागवान, रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकलेल्या बायांचं हसणं, तेंदूपत्त्याचे पुडके बांधणारे हात, हे कोण दाखवणार? आपणच ना?

आणि हे सगळं भराभर बदलतंय. सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक आलापल्लीवरून धावू लागले. मेडीगड्डाचं बॅरेज 2019 मध्ये गोदावरीवर उभं राहिलं. जुलै 2022 च्या पुरात सिरोंचा तालुक्यातली गावं, शेतं पाण्यात गेली. बदल चांगला की वाईट, यावर वाद होत राहतील. पण आधी कसं होतं, याचा फोटो कुणाकडे आहे का? आपला जिल्हा 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्या काळातला अहेरीच्या बाजाराचा, प्राणहितेच्या घाटाचा फोटो तुमच्या पेटीत असेल तर तो सोन्यासारखा जपा. मी दर महिन्याला नदीकाठच्या एकाच जागी उभं राहून एक फोटो काढते. मे महिन्यातली वाळूच वाळू आणि जुलैमधलं दोन्ही काठ भरून वाहणारं पाणी शेजारी ठेवलं की सासूबाईंनाही नवल वाटतं.

आता कुणी म्हणेल, फोटो कमी का आहेत? उलट पूर आलाय. अगदी खरं. मोबाईलमध्ये हजारो फोटो, त्यात निम्मे सुप्रभात! मोबाईल पाण्यात पडला की सगळंच गेलं. म्हणून मी जुन्या रोलचा हिशेब परत आणलाय. महिन्याला बाराच फोटो निवडायचे आणि कागदावर काढून घ्यायचे. मागे कोण, कुठे, कधी ते लिहायचं. नाव नसलेला फोटो दोन पिढ्यांनी अनोळखी होतो. चिकट पानांच्या अल्बमपेक्षा कोपरे अडकवायचा साधा अल्बम बरा, फोटो पिवळे पडत नाहीत.

आणखी एक. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढायचा नाही, आणि काढलाच तर तो त्यांचा समजायचा. वयात आलेल्या लेकीचा फोटो तिला न विचारता स्टेटसला टाकू नका, ग्रुपवर फिरवू नका. आपल्या हौसेचा जाच तिला व्हायला नको.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. महिन्यातून एकदा तरी मोबाईल लेकीच्या, लेकाच्या हातात द्या आणि म्हणा, “आता माझा काढ.” केस विस्कटलेले असू देत, हाताला पीठ असू दे, मागे दोरीवर कपडे असू देत. परवा माझ्या लेकीने माझा असाच एक काढला. मी चुलीवरचं दूध उतू गेलं म्हणून स्वतःलाच हसत होते. बघितलं आणि काळजात लक्कन झालं. अगदी आईसारखी दिसत होते मी. आईचं ते हसू आमच्या तिन्ही अल्बममध्ये नाही. माझं मात्र माझ्या लेकीजवळ राहील.